बाबांचा ब्रिक्स आणि माझी ड्राय बिअर

ब्रिस्बेनच्या उन्हाळ्यात जाड, गोडसर बिअर घशाखाली उतरत नाही. डिसेंबर ते मार्च हवा नुसती दमट. दुपारी मागच्या अंगणात बार्बेक्यू पेटला की माणसं सावली शोधत फिरतात, आणि तेव्हा हातात हवी असते फिक्या रंगाची, थंडगार बिअर, जी गिळल्यावर जिभेवर गोडाचा मागमूस ठेवत नाही. इथल्या बाटलीवर ‘लो कार्ब’ किंवा ‘ड्राय’ लिहिलेलं असतं ती ही. मी ती घरी करते. आमच्या मराठी मित्रमंडळींत घरी बिअर करणारे आता बरेच झालेत आणि या उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येकाने एकच विचारलं : ड्राय बिअर हवी असेल तर साखर जास्त घालायची, की ते एन्झाइमचं पाकीट टाकायचं?

माझं उत्तर असं, की ही दोन्ही कामं वेगळी आहेत, सहसा दोन्ही एकत्र करू नयेत, आणि दोन्हींच्या आधी सुरुवातीची घनता, म्हणजे आंबण्याआधी द्रवात विरघळलेल्या साखरेचं माप, खाली आणायची. तिसरा भाग कुणी ऐकत नाही, म्हणून हे सविस्तर लिहायला बसले.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधी सांगते. ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती बिअर घरी आंबवायला परवाना लागत नाही, कर नाही. घरात दारू गाळणं मात्र इथेही बेकायदा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय बिअर करणं हाही गुन्हा ठरतो. तिकडच्यांनी हे वाचावं, करू नये.

आता मूळ मुद्दा. बार्लीच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीत, स्टार्च असतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या, काही सरळ आणि बऱ्याचशा फाटे फुटलेल्या. यीस्टला या साखळ्या पचत नाहीत. त्याला ग्लुकोज, फ्रुक्टोज, साधी साखर, माल्टोज आणि तीन ग्लुकोजवाला माल्टोट्रायोज एवढंच खाता येतं. साखळ्या तोडायचं काम माल्टमधलीच एन्झाइम करतात, गरम पाण्यात दळलेला माल्ट भिजत असताना. त्यालाच आपण मॅश म्हणतो. माल्टच्या अर्कातला हा स्टार्च तोडणारा पदार्थ पायेन आणि पर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये वेगळा काढला आणि त्याला डायास्टेज नाव दिलं. एन्झाइम म्हणून वेगळा काढलेला हा पहिलाच पदार्थ. यातला पायेन आधी बीटाच्या साखरेच्या धंद्यात होता, साखरेचा रंग कोळशाने काढायची पद्धत त्याने बसवली होती. मी साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढले, त्यामुळे या माणसाबद्दल मला उगाच जवळीक वाटते.

डायास्टेजमध्ये मुख्य दोन कामगार आहेत. अल्फा-अमायलेज साखळी मधूनच कुठेही तोडतं आणि ७० अंश सेल्सियसच्या आसपास जोरात असतं. बीटा-अमायलेज टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे, म्हणजे माल्टोज, काढत येतं. शेळी फांदीच्या शेंड्याकडून पाला ओरबाडत येते तसं, पण फाटा आला की हे थांबतं. ते ६० ते ६५ अंशांत बरं असतं, ६८च्या पुढे भराभर मरतं. फाट्यावर घाव घालणारं लिमिट डेक्स्ट्रिनेज नावाचं एक एन्झाइमही माल्टमध्ये असतं, पण ते थोडं असतं आणि उष्णतेला फार नाजूक. परिणामी मॅश संपतो तेव्हा फाट्यांचे तुकडे शिल्लक राहतात. ते म्हणजे डेक्स्ट्रिन. यीस्ट त्यांना हात लावत नाही, ते बिअरमध्ये तसेच राहतात आणि बिअरला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, देतात. साधारण माल्टची बिअर १.०४० घनतेवरून (पाण्याची १.०००) निघाली तर १.०१० ला थांबते, ती यांच्यामुळे.

ड्राय बिअर करायची म्हणजे या डेक्स्ट्रिनचं काय करायचं ते ठरवायचं. मार्ग तीन आहेत. मॅशचं तापमान खाली धरून डेक्स्ट्रिन मुळातच कमी होऊ द्यायचे. नाहीतर माल्टचा काही हिस्सा काढून त्याजागी साखर घालायची, म्हणजे डेक्स्ट्रिनचं एकूण प्रमाण घटतं. किंवा बाहेरून असं एन्झाइम आणायचं, जे फाटेही सोडत नाही.

या तिसऱ्या मार्गातलं एन्झाइम म्हणजे अमायलोग्लुकोसिडेज, होमब्रू दुकानात ‘ड्राय एन्झाइम’ म्हणून छोट्या पाकिटात मिळतं ते. ॲस्परजिलस नायजर नावाच्या काळ्या बुरशीपासून काढतात. हे साखळीच्या टोकाकडून एकेक ग्लुकोज सोडवत येतं आणि फाटा आला तर तोही तोडतं, जरा सावकाश, पण तोडतं. याला साठ अंशांच्या आसपासची ऊब आणि आंबट वातावरण आवडतं. फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबते त्या भांड्यात, आंबट वातावरण असतं, ऊब नसते. तरी १८ अंशांनाही ते काम करत राहतं. ‘करत राहतं’ हे शब्द लक्षात ठेवा, बाटल्यांच्या भागात लागतील.

बाबा सांगलीकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. लहानपणी मी शाळेतून थेट लॅबमध्ये जायची. रसाचा नमुना, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घनपदार्थांचा, मुख्यतः साखरेचा, टक्का), पोल, प्युरिटी हे शब्द पाढ्यांच्या आधी कानावर पडले. बाबा दारूला शिवत नाहीत, पण माझ्या हायड्रोमीटरच्या, म्हणजे द्रवात तरंगून घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीच्या, आकड्यांत त्यांना भारी रस. एकदा व्हिडिओ कॉलवर त्यांना दाखवत होते : काचेच्या नळकांड्यात बिअरचा नमुना, गॅस निघून जावा म्हणून दोन भांड्यांत खालीवर करून घेतलेला, तापमान वीस अंश. हायड्रोमीटर सोडला, बोटांनी गरकन फिरवला म्हणजे काचेला चिकटलेले बुडबुडे सुटतात, आणि तो बुडत गेला. १.०१०, १.००५, १.०००, आणि तरी खाली. स्थिर झाला तेव्हा पाण्याची रेघ ०.९९९ वर होती.

“अगं, ब्रिक्स शून्याच्या खाली कसा जाईल?” बाबा म्हणाले. “साखर उणे असते का?”

“बाबा, तुमच्या रसात अल्कोहोल नसायचं ना,” मी म्हटलं. “अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं आहे. घनता ०.७८९.”

त्यांनी दोन मिनिटं वहीत काहीतरी मांडलं. ४.२ टक्के अल्कोहोलचं नुसतं पाणी केलं तर त्याची घनता साधारण ०.९९४ येते. माझा हायड्रोमीटर ०.९९९ सांगत होता. म्हणजे मधल्या फरकाएवढं, सुमारे सव्वा टक्का, काहीतरी विरघळलेलं अजून आहेच. “म्हणजे तुझी बिअर रिकामी नाही,” बाबा म्हणाले. मला हे फार आवडलं. त्या सव्वा टक्क्यात प्रथिनं असतात, ग्लिसरॉल असतं, थोडे हट्टी डेक्स्ट्रिन असतात. एन्झाइमवाली बिअर शून्यावर आली की लोक म्हणतात आता यात कार्ब उरलंच नाही. थोडं उरतं. आणखी एक, बाबांच्या लॅबमधला रिफ्रॅक्टोमीटर, प्रकाश किती वळतो यावरून साखर मोजणारा, इथे फसवतो. रसाला तो अचूक, आंबवून झाल्यावर अल्कोहोलमुळे तो वाचन बरंच वर दाखवतो. शेवटच्या घनतेला हायड्रोमीटरच घ्या.

आता कॅलरी. हे न समजून घेतल्यामुळे बरेच जण एन्झाइम टाकून हलकी नव्हे, तर कडक बिअर करून बसतात.

एक ग्रॅम साखर आंबली की साधारण अर्धा ग्रॅम अल्कोहोल होतं, उरलेला भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. साखरेच्या ग्रॅममध्ये चार कॅलरी, अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये सात. म्हणजे चार कॅलरींची साखर आंबून साडेतीनच्या आसपास कॅलरींचं अल्कोहोल झालं. वाचल्या जेमतेम अर्धी. बिअरच्या कॅलरी बहुतेक करून सुरुवातीच्या घनतेनेच ठरलेल्या असतात, शेवटी कुठे थांबली याने थोड्याच बदलतात.

आकड्यांत बघा. १.०४० वरून सुरू होऊन १.०१० ला थांबलेली बिअर ३.९ टक्क्यांची, ३७५ मिलीच्या बाटलीत साधारण १४० कॅलरी. त्याच वर्टमध्ये (मॅशमधून निघालेल्या, न आंबलेल्या गोड द्रवात) एन्झाइम टाकून ती ०.९९९ पर्यंत नेली तर ५.४ टक्के अल्कोहोल आणि साधारण १३५ कॅलरी. कार्ब निम्म्याहून कमी झाले, हे खरं. पण कॅलरी जवळजवळ तिथेच आणि दारू दीड टक्क्याने चढली. उन्हात तीन बाटल्या पिणाऱ्या माणसाला याचा काय उपयोग?

उलट, १.०३१ वरून सुरू करून ०.९९९ ला आणा. ४.२ टक्के अल्कोहोल, बाटलीत साधारण १०५ कॅलरी. ही खरी हलकी बिअर.

अमेरिकेत जोसेफ ओवेड्स या जीवरसायनशास्त्रज्ञाने ब्रुकलिनच्या राइनगोल्ड ब्रुअरीत हेच केलं. अमायलोग्लुकोसिडेज वापरून डेक्स्ट्रिन संपवले आणि १९६७ मध्ये गॅब्लिंगर्स नावाने ती बिअर बाजारात आली. चालली नाही, डाएट बिअर कुणाला नको होती. मिलरने १९७५ मध्ये लाइट बिअर देशभर आणली, तेव्हा हा प्रकार रुजला. जपानच्या असाहीने १९८७ मध्ये सुपर ड्राय काढून ‘ड्राय’ची लाट आणली. मग २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रुअर किम स्टर्डेव्हंट याने तेच एन्झाइम फिकट आयपीएत, म्हणजे हॉप्सने (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांनी) भरलेल्या बिअरमध्ये, टाकलं आणि ब्रूट आयपीए जन्माला आली. ती लाट लवकर ओसरली, पण होमब्रूवाल्यांच्या कपाटात हे पाकीट आलं ते मुख्यतः तिच्यामुळे. आमच्या ऑस्ट्रेलियात मात्र डब्यातल्या किटबरोबर, म्हणजे घट्ट केलेल्या तयार माल्ट-अर्काबरोबर, ड्राय एन्झाइम टाकायची सवय त्याहून जुनी आहे.

आता साखर. क्वीन्सलंडमध्ये साखरेला तोटा नाही, देशातली बहुतेक सगळी साखर इथलीच. बुंडाबर्गकडे गेलं की उसाचे फड, मधून जाणारे अरुंद रूळ आणि गाळपाच्या दिवसांतला तो मळीचा वास. मला तिथे गाडीच्या काचा खाली कराव्याशा वाटतात.

होमब्रू दुकानदार डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजची पावडर, घ्या म्हणतात. घ्यायला हरकत नाही, पण घरातली पांढरी साखरही तेवढीच चालते. यीस्ट पेशीच्या बाहेरच्या बाजूला इन्व्हर्टेज ठेवतं आणि साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे पहिल्या काही तासांतच करून टाकतं. बाबांनी जन्मभर ज्या इन्व्हर्जनला शत्रू मानलं, रसाचा पीएच सांभाळत, उशिरा आलेल्या उसावर चिडत, ते इथे आपल्याला फुकटात हवंच आहे. वजनाच्या हिशेबात तर साधी साखर किंचित पुढेच : दुकानातल्या डेक्स्ट्रोजमध्ये नऊ टक्के पाणी असतं. वीस लिटरला एक किलो साखर घातली तर घनता १९ अंकांनी वाढते (१.००० ची १.०१९), डेक्स्ट्रोजने साडेसतराच्या आसपास.

पांढऱ्या साखरेने बिअरला सायडरसारखा, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसासारखा, वास येतो, हे जुन्या पुस्तकांतून आलेलं. शिळं किट, झाकणाखालचं अशक्त यीस्ट, तीस अंशांवर आंबवणं आणि एकूण साखरेतली निम्मी पिशवीतली, असं सगळं एकत्र झालं तर वास येणारच. साखर एकूण अर्काच्या पंधरा टक्क्यांपर्यंत ठेवा, यीस्ट ताजं घ्या, तापमान आवरा. वास येत नाही. यापेक्षा जास्त साखर मला नकोच असते, कारण साखरेबरोबर यीस्टला लागणारा नायट्रोजन येत नाही आणि चवही येत नाही. बिअर नुसतीच पातळ होत जाते. गूळ मी या बिअरमध्ये घालत नाही. त्याचा रंग आणि खारट-खनिज चव फिक्या बिअरमध्ये वर येते. गूळ गडद बिअरला द्यावा.

साखर कधी घालायची? उकळीत घातली तरी चालते, मी मात्र तिसऱ्या दिवशी घालते. थोड्या पाण्यात उकळून, गार करून, फर्मेंटरमध्ये हळूच. यीस्टला सुरुवातीलाच ग्लुकोज मिळालं तर ते माल्टोजकडे उशिरा वळतं. आधी माल्ट खाऊ द्यावा, मग गोड द्यावं.

किटवाल्यांसाठी एक सूचना. दुकानात ‘बॉडी’साठी म्हणून डेक्स्ट्रोज, माल्ट पावडर आणि माल्टोडेक्स्ट्रिनचं तयार मिश्रण मिळतं. माल्टोडेक्स्ट्रिन यीस्ट खात नाही म्हणूनच त्यात घातलेलं असतं. त्यात एन्झाइमचं पाकीट टाकलं तर एन्झाइम तेच माल्टोडेक्स्ट्रिन फोडून ग्लुकोज करणार आणि ते आंबणार. म्हणजे अंग विकत घ्यायचं आणि पुन्हा पैसे देऊन ते विरघळवायचं. एन्झाइम टाकायचं असेल तर नुसतं डेक्स्ट्रोज किंवा साखर घ्या, आणि नेहमीच्या निम्मी. १.७ किलोचा डबा, एक किलो डेक्स्ट्रोज, पाणी घालून एकूण २३ लिटर हे नेहमीचं प्रमाण १.०३८च्या आसपास जातं आणि एन्झाइमसह पाच टक्क्यांच्या पुढे. डेक्स्ट्रोज अर्धा किलो करा, १.०३० मिळेल आणि शेवटी साधारण चार टक्के.

मी स्वतः माल्टपासून करते. माल्ट आणि पोहे तेच, अल्कोहोलही तेवढंच, फक्त एकीत साखर आणि दुसरीत एन्झाइम, अशा दोन बिअर शेजारी शेजारी ठेवल्या की फरक कळतो. फर्मेंटरमध्ये वीस लिटर धरून :

दोन्हींत २.२ किलो ऑस्ट्रेलियन पिल्सनर माल्ट आणि अर्धा किलो जाड पोहे. हो, आपले पोहे. तांदळाचा स्टार्च फुलायला माल्टपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून साधा तांदूळ वेगळा शिजवावा लागतो. पोहे भाताला भिजवून, भाजून, चेपून केलेले असतात. त्यांचा स्टार्च आधीच फुललेला, थेट मॅशमध्ये पडतात. होमब्रू दुकानातल्या तांदळाच्या फ्लेक्सपेक्षा इंडियन ग्रोसरीतले पोहे स्वस्त पडतात आणि मला काडीचा फरक जाणवलेला नाही.

मॅश ६३ अंशांना, पूर्ण दीड तास. इथे घाई नको. एवढ्या खालच्या तापमानाला स्टार्च फुटायला वेळ लागतो, म्हणून शेवटी आयोडीन बघते : पांढऱ्या बशीत वर्टचा एक थेंब, शेजारी टिंक्चर आयोडीनचा एक, काडीने दोन्ही एकत्र. निळं-काळं झालं तर स्टार्च अजून आहे. विटकरी-लालसर छटा म्हणजे मोठे डेक्स्ट्रिन. आयोडीनचा पिवळा-तपकिरी तसाच राहिला की मॅश झाला. थेंबात फोलपट येऊ देऊ नका, फोलपट काळं पडतं आणि फसवतं.

साखरवाल्या बिअरला अडीचशे ग्रॅम साखर. सुरुवात १.०३६, शेवट १.००४ च्या आसपास, ४.२ टक्के, बाटलीत साधारण १२५ कॅलरी. एन्झाइमवालीला साखर नाही. सुरुवात १.०३१, शेवट एन्झाइम फर्मेंटरमध्ये टाकलं तर ०.९९९, तेच ४.२ टक्के, १०५ कॅलरी. यीस्ट दोन्हींत यूएस-०५, जुन्या फ्रिजला थर्मोस्टॅट लावून १८ अंश. ब्रिस्बेनच्या गॅरेजमध्ये जानेवारीत फ्रिजशिवाय ही बिअर करू नका, इतक्या स्वच्छ बिअरमध्ये गरम आंबवण्याची चव लपत नाही.

चवीत फरक असा की साखरवालीला अजून माल्टची, ब्रेडच्या कडेसारखी चव असते, आणि ती जेवणाबरोबर बसते. एन्झाइमवाली जिभेवरून सरकते आणि नाहीशी होते. तिच्यात अंग नसल्यामुळे कडूपणा उघडा पडतो. म्हणून साखरवालीला मी वीस आयबीयूपर्यंत (आयबीयू हे कडूपणाचं माप) जाते, एन्झाइमवालीला पंधरा-सोळावर थांबते. हॉप म्हणून प्राइड ऑफ रिंगवूड, इथल्या जुन्या लागरचा हॉप, तोही नुसता उकळीच्या सुरुवातीला. पाण्यात थोडं जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. सल्फेटमुळे शेवट अधिक कोरडा लागतो, त्यामुळे पुष्कळदा एन्झाइमशिवायही हवं ते साधतं. आमच्या घरी रोजच्या जेवणाला साखरवालीच केली जाते. मला विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने तीच करावी. खालच्या तापमानाचा मॅश, पंधरा टक्क्यांच्या आत साखर, जिप्सम आणि भरपूर गॅस. एवढ्याने ज्याला बहुतेक लोक ड्राय म्हणतात ती बिअर होते. एन्झाइम हवं ते कार्ब खरंच कमी करायचे असतील तर, किंवा तो वाइनसारखा शेवट आवडत असेल तर.

एन्झाइम वापरायचंच असेल तर कुठे घालायचं यावर माझं ठाम मत आहे : माल्टपासून करणाऱ्याने मॅशमध्ये घालावं. ६३ अंशांना ते मजेत काम करतं, दीड तासात डेक्स्ट्रिनचा मोठा भाग संपवतं आणि पुढच्या उकळीत मरतं. बिअर १.००१ च्या आसपास थांबते. ०.९९९ पर्यंत नाही, पण थांबते. यीस्टचं काम संपलं की बिअरचं काम संपलं. फर्मेंटरमध्ये टाकलेलं एन्झाइम मरत नाही. थंडीत झोपल्यासारखं होतं, पुन्हा ऊब मिळाली की उठतं. किटवाल्यांना मॅशच नसतो, त्यांना फर्मेंटरशिवाय पर्याय नाही. त्यांनी पाकिटावरचं प्रमाण पाळावं आणि धीर धरावा.

धीर धरण्यामागे हिशेब आहे. वीस लिटरला बाटलीत घालायची साखर मी १४० ग्रॅम घेते. बिअरमध्ये आधीच असलेला गॅस धरून साधारण २.७ आकारमान (एक लिटर बिअरमध्ये २.७ लिटर गॅस) कार्बन डायऑक्साइड होतो, ड्राय बिअरला हवा तसा. आता समजा बाटल्या भरल्या तेव्हा घनता १.००२ होती, आणि एन्झाइम पुढे काम करत ती ०.९९९ ला घेऊन गेलं. घनतेचा एकेक अंक साधारण अर्धं आकारमान गॅस देतो. तीन अंक म्हणजे दीड आकारमान, एकूण चारच्या वर. साध्या काचेच्या बिअरच्या बाटलीचं हे काम नाही. ती फुटते, आणि फुटते तेव्हा काच गॅरेजभर उडते. म्हणून एन्झाइम फर्मेंटरमध्ये असेल तर घनता १.००० च्या खाली जाऊन निदान आठवडाभर एका जागी राहिली पाहिजे. दोन दिवस सारखं वाचन आलं म्हणून बाटल्या भरायच्या, हा नेहमीचा नियम इथे पुरत नाही. मी अशा बिअरला पेट प्लास्टिकच्या जाड बाटल्याच वापरते. बोटांनी दाबून बघता येतात, आणि दगडासारख्या लागल्या तर सगळ्या फ्रिजमध्ये टाकून झाकणं सैल करता येतात.

मधुमेह असलेल्या दोन-तीन काकांनी ‘मग ही आम्हाला चालेल ना’ असं विचारलंय. काका, कार्ब कमी आहेत, अल्कोहोल कमी नाही. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना, विशेषतः रिकाम्या पोटी, अल्कोहोलने साखर एकदम खाली जाऊ शकते. तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या हायड्रोमीटरला नको.

एक शेवटचा प्रकार राहिला. सेझों नावाच्या बेल्जियन धाटणीच्या बिअरसाठीच्या काही यीस्टना पाकीट लागतच नाही. एसटीए१ नावाचं जनुक असलेलं यीस्ट ग्लुकोअमायलेज, म्हणजे पाकिटातल्यासारखंच एन्झाइम, स्वतःच बाहेर सोडतं, आणि डेक्स्ट्रिन खात खात बिअर १.००२, १.००० पर्यंत घेऊन जातं. बेल सेझों हे त्यातलं सहज मिळणारं. मिरीसारखी, संत्र्याच्या सालीसारखी चव देतं, आणि त्याला गरमी चालते, त्यामुळे ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांना ब्रिस्बेनच्या उन्हाळ्यात हा सगळ्यात सोपा मार्ग. बाटल्यांचा नियम इथेही तोच, आठवडाभर स्थिर. आणि या यीस्टचे चार जीव जरी नळीत राहिले तरी पुढच्या साध्या बिअरमध्ये शिरून बाटलीत डेक्स्ट्रिन खात बसतात. फर्मेंटरचा नळ पूर्ण खोलून धुवा, आणि सायफनची नळी, बाटल्या भरायची कांडी, रबरी वॉशर हे या यीस्टसाठी वेगळेच ठेवा. मी त्यांच्यावर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे, म्हणजे दुसऱ्या कुणी हात घातला तरी गोंधळ होत नाही.